वाचनालयांचा साहित्य उत्सव : सोलापुरात तो कसा भरवावा

सोलापूरला साहित्याचे मोठे मांडव नवे नाहीत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९४१ साली वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि २००६ साली पुन्हा झाले. त्या वेळचे अध्यक्ष मारुती चितमपल्ली तर सोलापुरातच जन्मलेले. शिवाय ग्रंथालय संचालनालयाच्या वतीने दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यात दोन दिवसांचा ग्रंथोत्सव होतो, त्यात आपला जिल्हाही असतो. इथे लिहितो आहे ते या दोन्हींपेक्षा लहान आणि माझ्या मते जास्त गरजेच्या गोष्टीबद्दल: शहरातली पाच-सहा सार्वजनिक वाचनालये एकत्र येऊन स्वतःच्या बळावर तीन दिवसांचा उत्सव कसा भरवू शकतात, त्याबद्दल.

संमेलनाचा मांडव चौथ्या दिवशी उतरतो. वाचनालयाचे दार मात्र चौथ्या दिवशीही उघडते, पुस्तकांच्या देवघेवीचा टेबल तिथेच असतो आणि कालच्या वक्त्याने ज्या पुस्तकाचे नाव घेतले ते मागायला माणूस तिथेच येतो. ते पुस्तक त्याला त्या दिवशी मिळाले तर उत्सव झाला. म्हणून तयारी वक्त्यांच्या यादीपासून सुरू करू नये, कपाटापासून करावी. पुढचे सगळे याच एका गोष्टीतून निघते.

आधी तारीख

सोलापुरात तारीख चुकली की बाकीची मेहनत वाया जाते. मार्चच्या मध्यापासून ऊन चढते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन कितीही आकर्षक वाटला तरी त्या दिवशी संध्याकाळचा एखादा बंदिस्त कार्यक्रम पुरे. जून ते सप्टेंबर पावसाचा भरवसा नाही. आपल्याकडे पाऊस कमी हे खरे, पण सप्टेंबरात तो एका रात्रीत उट्टे काढतो. त्यातच गणपती, मग नवरात्र, कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ आणि मग दिवाळी. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. त्या दिवसांत होम मैदान, पार्क चौक हा सगळा भाग यात्रेचा असतो. वाहतूक वळवलेली, मंडपवाले आणि ध्वनिक्षेपकवाले यात्रेच्या कामात गुंतलेले. १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा याच वेळेला येतो, त्यामुळे त्या नावाने उत्सव घ्यायचा मोह सोलापुरात तरी आवरावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात आणि वाचनालयांच्या अभ्यासिका विद्यार्थ्यांनी भरलेल्या असतात. त्या मुलांना उठवून तिथे कविसंमेलन घेणे योग्य नाही.

राहतो तो नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरचा दुसरा आठवडा. १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताहही सोयीचा, फक्त त्या वर्षी दिवाळी आणि शाळांची सुट्टी कुठे पडते ते बघून घ्यावे. दोन गोष्टी पंचांग आणि फोन हाताशी घेऊन तपासायच्या. एक म्हणजे पंढरपूरची कार्तिकी एकादशी. तिच्या आगेमागे एसटी, पोलीस बंदोबस्त आणि राहण्याच्या जागा यांचा ताण सोलापूरपर्यंत जाणवतो. दुसरी, जिल्हा ग्रंथोत्सवाची तारीख. ती जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारावी. शक्यतो लेखी पत्र देऊन आपली तारीखही कळवावी. पुस्तकविक्रेते तेच, वाचक तेच, आणि तालुक्यांतून खरेदीला येणारी वाचनालयेही तीच. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन प्रदर्शने लागली तर दोन्ही अर्धी राहतात.

वार ठरवायचे तर शुक्रवार संध्याकाळ, शनिवार आणि रविवार. सलग तीन दिवस पूर्णवेळ कार्यक्रम ठेवण्यात अर्थ नाही. वाचनालयांचे कर्मचारी मोजके, आणि त्यांना देवघेवही चालू ठेवायची असते.

कोण, कुणाच्या नावावर

आपल्याकडची बहुतेक मान्यताप्राप्त वाचनालये १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेतात आणि अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. त्यांची ताकद सारखी नसते. 'अ' वर्गाकडे सभागृह, कर्मचारी आणि मोठा संग्रह असतो, तर 'ड' वर्गाकडे एक खोली आणि एक ग्रंथपाल. पण 'ड' वर्गाच्या वाचनालयाकडे त्याची गल्ली असते, आणि ती मोठ्याकडे नसते. एकत्र येताना हे लक्षात ठेवावे. सगळे कार्यक्रम मोठ्या वाचनालयात आणि बाकीच्यांची नावे फक्त पत्रिकेवर, अशी वाटणी झाली की दुसऱ्या वर्षी निम्मी वाचनालये येत नाहीत.

प्रत्येक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचा ठराव हवा. ठरावात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: संयुक्त समितीवर कोणते दोन प्रतिनिधी, किती रक्कम देणार, कोणती जागा किती वेळ देणार, आणि किती पुस्तके काढून देणार. पैशासाठी नवे बँक खाते उघडण्याच्या फंदात पडू नये. एका वाचनालयाला कोषाध्यक्ष नेमावे, देणग्यांच्या पावत्या त्याच्याच पावतीपुस्तकातून फाडाव्यात आणि त्याच्या हिशेबात उत्सवाचे स्वतंत्र खाते ठेवावे. ही वाचनालये सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणूनही नोंदलेली असतात, हिशेब सनदी लेखापालाकडे जातो. दोन संस्थांच्या पावत्या एकमेकांत मिसळल्या तर मार्चनंतर निस्तरताना ग्रंथपालाचे दोन महिने जातात. शासकीय परिरक्षण (म्हणजे देखभालीच्या) अनुदानातून मांडव-चहाचा खर्च दाखवू नये, तपासणीत आक्षेप निघतो. उत्सव देणग्यांवर आणि वाचनालयांच्या स्वतःच्या उत्पन्नावर चालवावा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडे चर्चासत्र, कार्यशाळा आणि ग्रंथप्रदर्शनासाठी साहाय्याची योजना आहे, पण प्रस्ताव जिल्हा कार्यालय, संचालनालय असा फिरत जातो. त्या पैशाच्या आशेवर यंदाचा मांडव ठरवू नका. मिळाला तर पुढच्या वर्षाला.

कार्यक्रम कपाटातून काढणे

हे काम उत्सवाच्या पाच महिने आधी सुरू करावे लागते आणि नेमके हेच सगळ्यात जास्त टाळले जाते.

प्रत्येक वाचनालयाने मागच्या वर्षभराच्या देवघेवीतून सर्वाधिक बाहेर गेलेली पन्नास पुस्तके काढायची. संगणकावर नोंद असेल तर तासाभराचे काम. वही असेल तर पुस्तकाच्या मागच्या तारखेच्या चिठ्ठीवरचे शिक्के मोजायचे, त्याला दोन माणसे आणि तीन-चार दुपारी लागतात. दुसरी यादी उलट: चांगली पुस्तके जी तीन वर्षांत एकदाही हलली नाहीत. सहा वाचनालयांच्या दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कार्यक्रम आपोआप दिसू लागतात. एका पेठेत ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या जातात, जुळे सोलापूरकडे स्पर्धा परीक्षा आणि चरित्रे, कुठे पाककृती, कुठे फक्त दिवाळी अंक. पहिल्या यादीवरून कळते लोक कशासाठी येतील. दुसऱ्या यादीवरून कळते त्यांना काय दाखवायला हवे.

मग नियम एकच: ज्या पुस्तकाच्या किंवा लेखकाच्या प्रती सगळ्या वाचनालयांत मिळून किमान पंधरा नाहीत, त्याच्यावर कार्यक्रम ठेवायचा नाही. कमी असतील तर आधी विकत घ्यायच्या. वक्ता उत्तम बोलला, साठ जणांना पुस्तक हवे झाले आणि गावात प्रत एक, असे झाले तर त्या साठांतले पन्नास पुन्हा विचारायला येत नाहीत.

उत्सवाआधी एक पुस्तक गावभर फिरवण्याचा प्रयोग जरूर करावा. वीस प्रती घ्याव्यात. देवघेवीची मुदत १४ दिवस धरली तर आठ आठवड्यांत एक प्रत चार घरांत जाते, म्हणजे वीस प्रतींना जास्तीत जास्त ऐंशी वाचक. प्रत्यक्षात सगळे वेळेत परत करत नाहीत, साठ धरावेत. हे साठ लोक शनिवारी लेखकासमोर बसतात तेव्हा प्रश्नोत्तरांचा दर्जा वेगळाच असतो. 'तुम्हाला लिहिण्याची प्रेरणा कशी मिळाली' हा प्रश्न येतच नाही. पुस्तक निवडताना जाडी बघा. २०० पानांच्या पुढचे घेतले तर चौदा दिवसांत संपत नाही आणि साखळी पहिल्याच फेरीत तुटते. प्रत्येक प्रतीत कोरा कागद चिकटवून ठेवा. वाचणाऱ्याने पान क्रमांक लिहून एक प्रश्न टिपायचा. हे कागद लेखकाला आठवडाभर आधी पाठवले की तो तयारीने येतो.

चार भाषांचे गाव

सोलापुरात फक्त मराठीचा उत्सव भरवला तर अर्धे गाव बाहेर राहते. पूर्व भागात, कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ या बाजूला विणकरांच्या घरात तेलुगू बोलली जाते. बाळीवेस आणि कसब्यात कन्नड, विजापूर वेस आणि नई जिंदगीकडे उर्दू. ग्रामदैवत सिद्धरामेश्वर स्वतः बाराव्या शतकातले वचनकार, म्हणजे वचन या भक्तिपर रचनांचे कर्ते, आणि त्यांची वचने कन्नडमध्ये. इथून पन्नास-साठ किलोमीटरवरचे मंगळवेढे बसवेश्वरांच्याही आठवणी सांगते आणि चोखोबा, कान्होपात्रा, दामाजीपंतांच्याही. वचन आणि अभंग एकाच व्यासपीठावर वाचण्याला याहून योग्य गाव मला माहीत नाही. तसाच दुसरा विषय १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी कायद्याचा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे पत्रकार होते. त्या काळातील सोलापूरची वृत्तपत्रे हा विषय मराठी आणि उर्दू वाचकांना एकत्र बसवतो.

पण बहुभाषिक कार्यक्रम नुसत्या सदिच्छेवर चालत नाही. ओळीओळीला अनुवाद करत गेले की कविता मरते आणि वेळ दुप्पट लागतो. त्याऐवजी मूळ कविता सलग वाचू द्यावी, श्रोत्यांच्या हातात मराठी गद्य आशयाचा एक कागद असावा आणि सूत्रसंचालकाने आधी फक्त तीन वाक्यांत संदर्भ सांगावा. सूत्रसंचालक चारांपैकी निदान दोन भाषा घरात बोलणारा हवा. असे लोक सोलापुरात शोधावे लागत नाहीत.

छपाईत मात्र हमखास घोटाळा होतो. तेलुगू आणि कन्नड मजकूर व्हॉट्सॲपवरून येतो, छापखान्यातल्या जुन्या संगणकावर तो फॉन्ट नसतो, जोडाक्षरे सुटी होतात किंवा चौकोन उमटतात. उर्दूची ओळ उलट दिशेने लागते किंवा उर्दूच्या नेहमीच्या नस्तालिक वळणाऐवजी भलत्याच वळणात येते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना र्‍य, ट्र, ऋ बिघडतात. उपाय: सगळा मजकूर युनिकोडमध्ये मागवा, पान लावून झाल्यावर फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच छापखान्याला द्या आणि शेवटचे प्रूफ कागदावर काढून त्या त्या भाषेच्या वाचकाकडून सही घेऊन तपासा. मोबाइलच्या पडद्यावर तपासलेले प्रूफ प्रूफ समजू नये. कवीचे नाव त्याच्याच भाषेत चुकीचे छापणे हा त्याचा अपमान आहे, आणि दुरुस्तीपत्र चिकटवून तो भरून निघत नाही.

कविसंमेलनाचे गणित लिहून ठेवा. बारा कवी, प्रत्येकी पाच मिनिटे, आणि ओळख-संदर्भाला दीड मिनिट, म्हणजे ७८ मिनिटे. एवढे श्रोते आनंदाने बसतात. वीस कवी घेतले की सव्वादोन तास होतात आणि शेवटचे पाच कवी रिकाम्या खुर्च्यांना वाचतात. प्रत्येकाने दोन कविता पंधरा दिवस आधी द्यायच्या, त्या सूत्रसंचालकाच्या फाइलमध्ये असतील, आणि त्याच वाचायच्या. ही अट निमंत्रणपत्रातच लिहा, व्यासपीठावर कुणाला थांबवण्याची वेळ येत नाही.

जागा, आवाज, पाणी

मोठ्या कार्यक्रमासाठी सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिर आहे, डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह आहे, हिराचंद नेमचंद वाचनालयाचे ॲम्फी थिएटर आहे. यांतल्या एखाद्या ठिकाणी एकच कार्यक्रम घ्यावा, बहुधा शुक्रवारचा. उरलेले सगळे वाचनालयांच्या आपापल्या खोल्यांत. लोकांना वाचनालयाचा जिना चढायला लावणे हाच हेतू आहे, आणि ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी तळमजल्यावरचे वाचनालय निवडणे ही आपली जबाबदारी.

२० बाय ३० फुटांच्या वाचनकक्षात किती माणसे बसतात? पुढे व्यासपीठ आणि मोकळ्या जागेसाठी आठ फूट, मागे दाराशी चार फूट सोडले की १८ फूट लांबी उरते. रांगेला तीन फूट, म्हणजे सहा रांगा. मधली वाट साडेतीन फूट सोडून रांगेत नऊ खुर्च्या. एकूण ५४. याहून जास्त खुर्च्या घुसवल्या तर मधली वाट जाते आणि उशिरा येणारा दारातच उभा राहतो. मुलांसाठी खुर्च्या काढून सतरंजी घालावी, तेवढ्याच जागेत ऐंशी मुले बसतात, पण तितकी बोलावू नयेत. गोष्ट सांगायला पंचवीस-तीसचाच गट हवा.

अशा खोलीला उंच ध्वनिक्षेपकांची भिंत लागत नाही. स्टँडवर दोन लहान स्पीकर, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा वर, आणि माईक नेहमी स्पीकरच्या मागच्या बाजूला. माईक पुढे आला की शिट्टी वाजते. रस्त्याकडे खिडक्या असतील तर व्यासपीठ रस्त्याच्या विरुद्ध भिंतीला ठेवावे, नाहीतर वक्त्याच्या आवाजाबरोबर हॉर्नही माईकमधूनच ऐकू येतो. छताचे पंखे कागद उडवतात आणि माईकमध्ये घरघर करतात. नोव्हेंबरच्या शेवटी व्यासपीठावरचा पंखा बंद ठेवता येतो. वाचणाऱ्यासाठी टेबल-दिवा हवा. ज्येष्ठ कवी सत्तरीपुढचे असतात, व्यासपीठावरच्या झगमगाटात त्यांना हातातला कागद दिसत नाही, ही गोष्ट आयोजक विसरतात.

उघड्यावरच्या कार्यक्रमाला दोन बंधने. त्या दिवसांत सहाच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे साडेपाचच्या कार्यक्रमालाही दिवे आधी लावून तपासावे लागतात. आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, म्हणून जागा ठरवतानाच अंतर बघा. पोलीस परवानगीचा अर्ज निदान पंधरा दिवस आधी द्यावा. ग्रंथदिंडी काढणार असाल तर वाहतूक शाखेकडे मार्गाचा नकाशा स्वतंत्र द्यावा लागतो. दिंडी सकाळी साडेसातला, दीड किलोमीटरच्या आत. लेझीम, पालखी आणि शाळेची मुले धरून तेवढ्याला तास लागतो.

पाण्याचे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. नळ रोज येत नाही. उत्सवाच्या दिवशी पाण्याची पाळी कुठल्या भागात आहे ते आधी बघून टाक्या भरून घ्या. दोन तासांच्या कार्यक्रमाला माणशी अर्धा लिटर धरला तर दीडशे माणसांना ७५ लिटर, म्हणजे वीस लिटरचे चार जार. स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाच्या खिशात असते आणि शिपाई चहा आणायला गेलेला असतो. दुसरी किल्ली एका महिला स्वयंसेवकाकडे द्यावी. स्वयंसेवकांचे जेवण सोपे आहे: कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि कांदा. वाढायला वेळ लागत नाही, दुपारपर्यंत बिघडत नाही आणि पाहुणे आवर्जून मागतात.

पाहुणे

निमंत्रण चार महिने आधी, लेखी. त्यात विषय, वेळ, किती मिनिटे बोलायचे, श्रोते साधारण किती, मानधन किती आणि कधी, ध्वनिमुद्रण होणार की नाही, एवढे सगळे असावे. मानधन ठरवायला लाजणारे आयोजक लेखकाला अवघड स्थितीत टाकतात. रक्कम लहान असली तरी चालते, पण ती आधी सांगितलेली आणि त्याच दिवशी दिलेली असावी.

गाड्यांचे वेळापत्रक कार्यक्रमाला आकार देते. पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी निघून रात्री सोलापुरात येते आणि सकाळी लवकर परत जाते. म्हणजे पुण्याचा पाहुणा त्या गाडीने आला तर दोन मुक्काम धरावे लागतात. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री निघते आणि सकाळी पोहोचते, तर वंदे भारत रात्री उशिरा. सिद्धेश्वरने येणाऱ्याला सकाळी दहाचे सत्र देऊ नका. गाडी लेट झाली तर सत्रच जाते, आणि वेळेवर आली तरी माणूस रात्रीच्या प्रवासाने थकलेला असतो. दुपारी चारनंतर ठेवा.

उद्घाटन पंधरा मिनिटांत आटोपते, फक्त ते ठरवावे लागते. दीपप्रज्वलन, अध्यक्षांची चार वाक्ये, लेखकाचे भाषण सुरू. सत्कार करायचे असतील तर ते वर्षभरात सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्या सभासदांचे करा. देणगीदारांची नावे फलकावर लिहा आणि पत्रिकेत छापा. व्यासपीठावर बारा खुर्च्या आणि बारा शाली आल्या की चाळीस मिनिटे जातात, आणि तेवढा वेळ मुख्य पाहुण्याच्या भाषणातूनच कापला जातो.

कुणाच्या साहित्याचे अभिवाचन करणार असाल तर हक्कांचा विचार आधी करा. प्रकाशित लेखनातला वाजवी उतारा जाहीर वाचायला कायद्याची आडकाठी नाही. अख्खी कथा नाट्यरूपात सादर करणे किंवा तिची चित्रफीत इंटरनेटवर चढवणे मात्र वेगळे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतात. एक साधे पत्र लिहून परवानगी मागितली की बहुतेक जण आनंदाने देतात.

पुस्तकविक्री

सहा फूट बाय अडीच फुटांच्या टेबलावर डेमी आकाराची (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) पुस्तके मुखपृष्ठ वर करून मांडली तर आडवी तेरा आणि उभ्या तीन ओळी, म्हणजे ३९ पुस्तके. तीच ट्रेमध्ये कणा वर करून लावली तर एका ओळीत सव्वाशेच्या आसपास. दहा टेबलांचे प्रदर्शन म्हणजे चारशेच्या आत मुखपृष्ठे. म्हणून विक्रेत्यांना 'सगळे आणा' म्हणू नये. उत्सवातल्या लेखकांची पुस्तके दर्शनी टेबलावर, त्यांच्या पंधरा-वीस प्रती तरी हव्यात. मुलांची पुस्तके खालच्या उंचीवर, मुलांच्या हाताला लागतील अशी. कन्नड, तेलुगू, उर्दू पुस्तकांना प्रत्येकी निदान एक टेबल. हे विक्रेते स्वतःहून येत नाहीत, त्यांना टेबलाचे भाडे माफ करून बोलवावे.

माल विक्री-परत तत्त्वावर (न विकलेला परत) येत असेल तर येताना आणि जाताना चलनावर नगांची मोजणी दोघांच्या सहीने व्हावी. पुस्तकांवर जीएसटी नाही, पण खेळणी आणि काही शैक्षणिक साहित्यावर आहे, त्यामुळे ते एकाच बिलात घेऊ नये. पैसे घेण्याचा क्यूआर विक्रेत्याचाच असावा. वाचनालयाच्या खात्यात विक्रीचे पैसे आले की हिशेबात त्यांचे काय करायचे हा प्रश्न मागे लागतो. गर्दीत मोबाइलची रेंज जाते, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे आणि सुट्ट्या पैशांची पेटी दोन्ही ठेवा.

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, सांगोला, करमाळा इथली वाचनालये खरेदीला येतात. त्यांच्यासाठी शनिवारी सकाळी दहा ते बारा राखीव वेळ ठेवा. त्यांच्या ग्रंथपालांना बिल कसे लागते ते विक्रेत्यांना आधी सांगा: वाचनालयाच्या पूर्ण नावाने, प्रत्येक पुस्तकाचे शीर्षक, लेखक, प्रकाशक, छापील किंमत, सूट आणि निव्वळ रक्कम. 'पुस्तके, नग ४०' असे बिल दाखलनोंद (नव्या पुस्तकाची क्रमांकासह वहीत नोंद) करताना आणि लेखापरीक्षणात कामाचे नसते.

मुले आणि खळ

मुलांच्या सत्रांत एक गोष्ट फार रंगते, ती म्हणजे पुस्तक दुरुस्ती. पाने चिकटवायच्या खळीला साहित्य थोडेच लागते. एक वाटी मैदा आणि पाच वाट्या पाणी. थोड्या थंड पाण्यात मैदा गुठळ्या मोडून कालवायचा, उरलेल्या पाण्यात घालून मंद आचेवर ढवळत राहायचे, पांढरा रंग जाऊन खळ चकचकीत झाली की उतरवायची. मोठ्या आचेवर तळाला लागते आणि तपकिरी कण कागदावर डाग पाडतात. बांधणीवाले खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांसाठी करताना घालू नये. मग ही खळ दोन दिवसच टिकते, तिसऱ्या दिवशी आंबते, हे धरून रोज ताजी करावी. फाटलेल्या पानाला पातळ तलम कागदाची पट्टी, खळीचा हलका हात, दोन्ही बाजूंना मेणकागद आणि वर वजन, रात्रभर. चिकटपट्टी वापरू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा डिंक अक्षरांवर पसरतो आणि शेजारचे पान चिकटते. दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे. ज्या मुलाने एक पान जोडले ते पुस्तक ते मूल घरी मागतेच, म्हणून दुरुस्तीला मुलांचीच पुस्तके ठेवा.

शाळांना पत्र शनिवारसाठी द्यावे, सकाळची शाळा सुटली की मुले येऊ शकतात. पालकांच्या संमतीचे कागद शाळेमार्फत आधी घ्या, फोटो काढणार असाल तर त्यात तसे लिहा.

विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत वेळ वेगळी लागते. विड्या वळून माल देऊन घरचे आवरल्यावरच बायकांना तासभर मिळतो, म्हणून तिथले सत्र संध्याकाळी आणि वस्तीतच हवे. भाषणापेक्षा मोठ्याने वाचून दाखवणे तिथे जास्त पोचते, आणि तेही तेलुगूत. पुस्तकांची पेटी सोबत नेऊन तिथल्या तिथे देवघेव करावी.

सभासद आणि परतीचा हिशेब

सभासद नोंदणीचे टेबल आत येण्याच्या दाराशी ठेवू नये, बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवावे. येताना लोक जागा पकडायच्या घाईत असतात. अर्ज एका पानाचा, वर्गणी आणि अनामत मोठ्या अक्षरांत फलकावर, फोटो मोबाइलवर तिथेच काढायचा. नव्या सभासदाला पहिले पुस्तक त्याच क्षणी द्यावे. 'सोमवारी या' म्हटले की निम्मे येत नाहीत. ज्यांनी अर्ज नेला पण भरला नाही त्यांना आठवड्याच्या आत त्यांच्या भागातल्या वाचनालयाने फोन करायचा.

लोक पिशव्या भरून जुनी पुस्तके भेट द्यायलाही आणतात. घेण्याआधी अट सांगावी: वाचनालयाला उपयोगी असतील तीच ठेवू, बाकी दुसरीकडे देऊ. न सांगता घेतली तर जुन्या मार्गदर्शिका आणि वाळवी लागलेले खंड गच्चीवर साठतात, आणि दाता दोन महिन्यांनी येऊन 'माझी पुस्तके कुठे लावली' विचारतो. कसर किंवा वाळवी दिसलेली पुस्तके संग्रहाच्या खोलीत नेऊच नयेत.

एकत्र केलेल्या प्रतींची परतफेड ही शेवटची आणि कंटाळवाणी पायरी. पुस्तके जमा करतानाच प्रत्येक वाचनालयाला एक रंग द्यावा, त्या रंगाच्या कागदाची पट्टी पुस्तकात ठेवावी आणि दाखल क्रमांकांची यादी तीन प्रतींत करावी. कण्यावर रंगीत चिकटपट्टी लावू नये, काढताना कापड सोलते. रविवारी रात्री थकलेल्या हातांनी वाटणी केली की पुस्तके भलत्याच कपाटात जातात, म्हणून ती सोमवारी दुपारी, सहाही ग्रंथपाल समोर असताना करावी. त्या पुस्तकांची आणि उत्सवात खरेदी केलेल्या नव्या पुस्तकांची देवघेव पुढचे तीन महिने वेगळ्या पानावर टिपून ठेवा. पुढच्या वर्षीचे कार्यक्रम त्याच पानावरून ठरतात. नवी पुस्तके दाखलनोंद वहीत चढवून, बिले जोडून, ३१ मार्चच्या आत ग्रंथ निवड समितीसमोर ठेवा.